माशीसह आवृत्ती

“माशी कुठंय?” बायकोने विचारलं.

पडद्यावर एक बाई खुर्चीत बसली होती. तिचा चेहरा पडदाभर पसरला होता, आणि पापणीन् पापणी मोजून घ्यावी इतका लख्ख होता. चष्मेवाल्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग हातातल्या कपात.

“कुठली माशी?”

“तिच्या तोंडावरची. भुवईपाशी येते, गालावरनं उतरते आणि ओठाच्या कोपऱ्यात बसते. कुठंय?”

“अगं, या सिनेमात माशी नाहीच.”

“मग हा तो सिनेमाच नव्हे,” असं म्हणून बायकोने मांडीवरचं शिवण गोळा केलं आणि ती उठून आत गेली. सोफ्याची उजवी बाजू हळूहळू वर आली आणि पुन्हा सपाट झाली.

तशी ती बाजू अकरा वर्षं सपाटच होती. चष्मेवाल्यांचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. पुढच्या अर्ध्यात ते लोकांना अक्षरं वाचायला लावत, पडद्यामागच्या अर्ध्यात बायको रफू करी. तिचं रफू असं, की कोटाच्या मालकालाही भोक कुठं होतं ते सापडू नये. दिवसभर दोघं एका पडद्याच्या अल्याड-पल्याड, हाकेला हाक आणि चहाला चहा. संध्याकाळी मात्र वाटा वेगळ्या. चष्मेवाल्यांना जुन्या सिनेमांचा नाद होता. तळघरांत कुजत पडलेली रिळं कुणीतरी धुऊन, पुसून, तांदूळ निवडावेत तशी एकेक फ्रेम निवडून पुन्हा नवी करायचं, आणि त्यांच्या डिस्क चष्मेवाले देशोदेशींहून मागवायचे. भिंतभर कपाट, कपाटात चारशे बारा डबे, आणि दर रविवारी मलमलीचं फडकं.

“तुमच्या सिनेमांत काही होत नाही,” बायको म्हणायची. “ते काही न होणं बघायला मी तीन तास बसले, तर घरात जे व्हायचं ते कोण करणार?”

आता चांगली गोष्ट एकट्याने बघणं म्हणजे आरशासमोर हसणं. आपण हसलो की तोही हसतो, पण आपल्याआधी कधी हसत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यांनी पडदा बाजूला करून विचारलं होतं, “एक सांग. एकच. ज्याला तू माझ्याबरोबर बसशील.”

बायकोने सुईत दोरा ओवला. “एकोणीस वर्षांची होते, तेव्हा ताईबरोबर बघितला होता. खुर्चीतल्या बाईचा. ती कुणाची तरी वाट बघते, शेवटपर्यंत. तो मिळाला तर बसेन.”

तो मिळायला दोन वर्षं लागली. चौसष्ट पानी पुस्तिकेसह आला. बायको बसली, दोन तास हलली नाही, आणि शेवटच्या चार मिनिटांत सगळं मुसळ केरात गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाला शेवटची ओळ पाच वेळा वाचायला लावली. तो पाचही वेळा बरोबर वाचत होता, यांचं लक्ष नव्हतं. माशी नेमकी कुठे शिंकली, हे शोधल्याशिवाय ती सोफ्याची बाजू पुन्हा खाली जाणार नव्हती. दुपारी त्यांनी सिनेमा दुरुस्त करणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. ‘स्वच्छतेच्या भरात आपल्याकडून एक माशी काढली गेलेली दिसते. ती माझ्या पत्नीची आहे.’

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ‘सदर सिनेमातून आम्ही एकेचाळीस हजार तीनशे बारा धूलिकण, सहाशे ओरखडे आणि एक केस काढला. माशीची नोंद नाही. तथापि मूळ अनुभवाशी इमान राखणं हे आमचं ब्रीद असल्यामुळे सोबतचा अर्ज भरून पाठवावा.’ अर्जात रकाने होते. माशीची लांबी. माशीची चाल: सरळ, रेंगाळती की विचारमग्न. माशीचा कथेशी संबंध. माशी दुःखी वाटत होती काय.

चष्मेवाले पेन चावत बसले होते, तोच खांद्यावरून हात आला.

“सोडा. तुम्हाला काय ठाऊक,” बायको म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिने अर्ज भरला. संबंधाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘पूर्ण. ती माशी हाकलत नाही, तेव्हाच कळतं की तो आता येणार नाही.’

महिन्याभराने दुकानात एक तरुण बाई आली. हातात पेटी, गळ्यात स्टॉपवॉच. चष्मेवाल्यांनी सवयीने तिला खुर्ची दिली आणि समोर अक्षरांचा तक्ता लावला.

“मी तपासनीस,” ती म्हणाली. “माशीसाठी आलेय.”

तिने पेटी उघडली. आत कापसावर टाचलेल्या बावीस माश्या होत्या. “काकू, यातली कुठली ओळखू येते का? घाई नाही. नीट बघा.”

बायकोने सगळ्यांवरून नजर फिरवली. “तोंडावरनं नाही सांगता यायचं. चाल बघितली तर ओळखेन.”

तपासनीसाने मान डोलावून तसं लिहून घेतलं. मग तिने खुर्चीतल्या बाईचा मोठा फोटो पुढे केला आणि माशीची वाट पेन्सिलीने काढून मागितली. बायकोला पेन्सिल जमेना. तिने काळा दोरा घेतला, आणि भुवईपासून ओठापर्यंत बारीक टाक्यांची ओळ त्या फोटोवर घातली. मध्ये गालावर एका जागी तीन टाके जवळजवळ होते.

“इथं काय झालं?”

“थांबली होती जरा. इथंच माझा श्वास अडकला होता.”

तपासनीसाने स्टॉपवॉच काढून श्वासाची वेळ घेतली. “आता दुसरा साक्षीदार. कंपनीचा नियम आहे. एकटीनं बघितलेली माशी धरत नाहीत.”

म्हणून ताईला बोलावलं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. आयुष्यभर टपाल कचेरीत काम केलेली, शिक्का मारल्यासारखं बोलणारी. तिने फोटो पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“उलटी शिवलीस. माशी ओठापासनं वर गेली. भुवईत.”

“खाली आली, ताई.”

“वर गेली. मी शेजारी बसले होते.”

“शेजारी बसून तू शेंगदाणे निवडत होतीस.”

“निवडत होते हातानं. बघत होते डोळ्यानं. भाऊजी,” ताई चष्मेवाल्यांकडे वळली, “तपासा हिचे डोळे.”

“तिचे आधी तपासा,” बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी दोघींचे तपासले, कारण त्या क्षणी तेवढंच त्यांच्या हातात होतं. दोघींचे डोळे अगदी ठीक निघाले. त्यामुळे भांडण जास्तच पेटलं. सख्ख्या बहिणी, एका ताटातल्या, एका पांघरुणातल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. तपासनीसाने अहवालात ‘माशीच्या दिशेबाबत कौटुंबिक मतभेद’ असं लिहिलं, आणि उरलेल्या एकाच माणसाचा पत्ता काढला.

थिएटर कधीच बंद पडलं होतं. तिथे आता टायरचं गोदाम होतं, आणि गोदामामागच्या घरात थिएटरचे जुने ऑपरेटर मुलीपाशी राहत. नव्वदीला टेकलेले, पण अंगावर इस्त्रीचा शर्ट. चौघांनी समोर बसून प्रश्न विचारला, तसे ते तापले.

“माझ्या खोलीत माशी? माझ्या खोलीत येताना मालकसुद्धा कोट झटकून यायचा.”

“काका, कारवाई काही नाही,” तपासनीस म्हणाली. “कंपनीला ती माशी परत हवीय.”

“परत?”

“जशी होती तशी.”

ऑपरेटरांनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं. वाकलेली पाठ हळूहळू सरळ झाली. “मग नीट लिहून घ्या. ती माझी माशी.”

“म्हणजे?”

“शेवटची चार मिनिटं नुसतं तोंड. पहिल्या दिवशी अर्धं थिएटर उठून गेलं. दुसऱ्या दिवशी खोलीच्या काचेवर एक माशी आली, तिची सावली पडली पडद्यावर, आणि माणूस हलला नाही. सगळे बघतायत, आता तोंडात जाते की मग. तिसऱ्या दिवसापासनं मी काचेवर काडीनं साखरपाण्याची रेघ ओढायला लागलो. भुवई, गाल, ओठ. सोळा आठवडे चालला सिनेमा.”

“सोळा आठवडे एकच माशी?”

“माश्या बदलल्या. रेघ माझी.”

चष्मेवाल्यांना राहवेना. भिंगांचा माणूस तो. “पण काका, काचेवरची माशी पडद्यावर धूसर दिसणार. नुसता डाग.”

“धूसरच होती.”

“धूसर होती खरी,” बायको हळूच म्हणाली. “मला वाटलं, माझेच डोळे भरून आलेत.”

गोदामातून एक टायर घरंगळल्याचा आवाज आला. चष्मेवाल्यांना वाटलं, आपण जगभरच्या तळघरांतले सिनेमे गोळा केले, पण शेजारच्या पडद्यामागे काय आहे ते कधी नीट पुसून पाहिलं नाही.

“पण दिशा कुठली?” ताईने विचारलं.

“सोमवार ते शनिवार वरून खाली. रविवारी खालून वर. रोज रोज तेच काय दाखवायचं?”

ताईचा चेहरा उजळला. “बघ. वर गेली म्हणत होते ना मी?”

“आपण गेलो तो शुक्रवार होता,” बायको सावकाश म्हणाली. “तू रविवारी कुणाबरोबर गेली होतीस, ताई?”

ताईने ऑपरेटरांच्या मुलीकडे वळून पाणी मागितलं.

नवी आवृत्ती यायला पाच महिने लागले. कंपनीने म्हणे प्रयोगशाळेत तशीच काच उभारली, ऑपरेटरांना गाडी पाठवून नेलं, आणि पहिल्या सतरा माश्यांना रेघ समजली नाही. अठरावीला समजली. डब्यावर टाके घातलेला फोटो होता, आत ‘माशी-दिग्दर्शन’ या शब्दाखाली ऑपरेटरांचं नाव. डिस्क लावली की तीन पर्याय येत: माशीविना, माशीसह आणि रविवारची माशी.

संध्याकाळी बायको सोफ्यावर बसली. उजवी बाजू खाली गेली. चष्मेवाल्यांनी ‘माशीसह’ लावलं, आणि दोन तास सिनेमा सोडून बायकोकडेच डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. शेवटची चार मिनिटं आली. भुवईपाशी धूसर सावली उतरली. गालावर आली. तीन टाक्यांच्या जागी थांबली. चष्मेवाल्यांनी खिशातला रुमाल तयार ठेवला.

बायकोचा हात वर गेला.

“हाकल की गं,” ती पडद्यावरच्या बाईला म्हणाली.

“काय झालं?”

“अहो, बघवत नाही. तोंडावर माशी बसलीय आणि ही बसलीय तशीच. कुणासाठी? तो येत नाही हे अर्ध्यातच कळतंय. ऊठ म्हणावं, तोंड धू, दोन घास खा.”

“पण तूच म्हणाली होतीस, ती हाकलत नाही म्हणून तर…”

“एकोणीस वर्षांची होते तेव्हा. तेव्हा वाटलं होतं, काय हिचं प्रेम. आता वाटतं, काय हा वेळ.”

पडद्यावर माशी ओठाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. चष्मेवाल्यांनी रुमाल परत खिशात घातला. बावीस माश्या, दोन बहिणी, एक टायरचं गोदाम, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता ही उठणार, आत जाणार, आणि बाजू वर येणार. ते वाट बघत राहिले.

बायको उठली नाही. तिने भिंतभर कपाटाकडे मान वळवली. “यात असा आहे का एखादा, ज्यात बाई उठते?”

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात कपाट चाळलं. खिडकीत बसलेल्या बायका, जिन्यात बसलेल्या बायका, जहाजाच्या कठड्याशी, दवाखान्याच्या बाकावर, बर्फात. चारशे तेरा डबे, आणि जवळजवळ सगळ्या बसलेल्या.

“नक्की नाही आठवत,” ते म्हणाले. “बघावं लागेल.”

“मग बघू. वरच्या कप्प्यापासनं लावा.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला बायको रफूचं काम घेऊन सोफ्यावर बसू लागली. सुई कापडात, जीव पडद्यात. “उठतेय, उठतेय,” ती म्हणायची, आणि मग, “बसली परत. पाय दुखत असतील का हिचे?” जगभरच्या नामांकित दुःखी बायकांना ती रोज चार गोष्टी सुनावायची, आणि चष्मेवाले तिच्या आधी हसायचे, नंतर हसायचे, कधीकधी दोघं एकदमच. तीन महिन्यांत दोघं दुसऱ्या कप्प्यावर आले.

एका दुपारी बायको बाजारात गेलेली असताना चष्मेवाले घरी आले आणि त्यांनी पाचव्या कप्प्यातून एक डबा काढला. त्यातली बाई नवव्या मिनिटाला उठते, खुर्ची लाथेने उडवते, दार उघडून बाहेर पडते, आणि उरलेले दोन तास एकदाही बसत नाही. चष्मेवाल्यांना तो पाठ होता. त्यांनी डबा मलमलीने पुसला, कोटाच्या आत लपवून दुकानात आणला, आणि लोकांनी दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेले चष्मे ज्या खणात होते, त्याच्या तळाशी घालून कुलूप लावलं.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. “काय ठेवलंत?”

“काही नाही. कुणाचा तरी जुना चष्मा.”

“बरं,” म्हणून ती पडदा सारून आत गेली. “आज जरा लवकर बंद करा हं. कालची अजून खुर्चीतच आहे.”