घरातलंच उत्तर

बायकोच्या बदलीचा निकाल आपणच तिला आधी सांगायचा, असा चंगच त्याने बांधला होता. ती दूरच्या गावी सर्व्हेअर. बदली झाली तर घरी येणार, नाहीतर पुन्हा वर्षभर घरात तो आणि त्याची आई, दोघेच. "तू खात्याची साईट बघायचीच नाही. माझा प्रोग्राम बघेल," असं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

प्रोग्राम लिहिताना तो साईटला इतक्यांदा विचारू लागला की साईटने वैतागून त्याला दारच बंद केलं. मग या शहाण्याने आपल्याच कॉम्प्युटरवर मध्ये एक प्रॉक्सी, म्हणजे प्रोग्राम आणि साईट यांच्यातली मध्यस्थ, बसवली. आलेलं उत्तर तिने जपून ठेवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न आला की तेच काढून द्यायचं, साईटला त्रास नाही. चाचणीपुरती युक्ती झकास होती. चाचणी संपली, प्रॉक्सी काढायची मात्र राहिली.

तेव्हापासून प्रोग्राम तासातासाला विचारत होता आणि प्रॉक्सी इमानेइतबारे सांगत होती : अर्ज विचाराधीन.

घरावर अवकळा आली. आई म्हणाली, एकदा खात्याच्या ऑफिसात फोन करून बघ. तो चिडला. मशीन दर तासाला विचारतंय, माणूस काय वेगळं सांगणार? रोज संध्याकाळी तो बायकोला फोन करून पडेल आवाजात सांगे, अजून काही नाही. हल्ली ती नुसती "बरं" म्हणे. ती खचली असावी, असं वाटून एकदा त्याने काळजावर दगड ठेवून धीर दिला, "नाही झाली बदली तरी हरकत नाही गं. आपल्याला सवय झालीय आता."

त्यावर तिने फोन ठेवला. त्याचाही जीव तुटला.

पुढच्या आठवड्यात वीज गेली आणि आली. कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला, प्रॉक्सीने जपलेलं सगळं पुसलं गेलं आणि प्रोग्रामची घंटी पहिल्यांदाच वाजली. तो स्वयंपाकघरातून धावत आला. पडद्यावर लिहिलं होतं : बदली मंजूर. अर्जदाराच्या विनंतीवरून रद्द.

त्याने तिला फोन लावला.

"ऑर्डर माझ्या टेबलावर कधीच आली होती," ती म्हणाली. "तुला सांगायची हौस, म्हणून मी गप्प बसले. आणि तू रोज नाही म्हणत राहिलास. वर सवय झालीय म्हणालास. मी काय समजायचं?"

त्याने प्रॉक्सी समजावून सांगितली. आयुष्यात एवढं सोपं करून त्याने काही सांगितलं नव्हतं. 

"म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास," ती म्हणाली.

"नाही गं, शपथ."

"तू विचारतच नव्हतास."

 पुढचा अर्ज आता वर्षाने, एवढं सांगून तिने जेवलास का म्हणून विचारलं. तो जेवला नव्हता, पण सवयीने हो म्हणाला.