सासूबाईंच्या मडक्याला नंबर पडला

फोन ठेवून हेस्टर कॉर्कम संग्रहालयाच्या दालनात आली आणि दारातच थबकली. सासूबाईंच्या मडक्याला नंबर पडला होता.

साधासुधा खडूनं लिहिलेला नंबर नव्हे. आधी लाखेचा पातळ हात, त्यावर बारीक निबेनं काळ्या शाईत क्रमांक, त्यावर पुन्हा लाख. एखाद्या संग्रहालयात शोभावा असा देखणा. हेस्टरच्या संग्रहालयात तो शोभतही होता, पण मडकं संग्रहालयाचं नव्हतं ना! ते लिओटाबाईंचं होतं, आणि संध्याकाळच्या आत त्यांच्या ओट्यावर परत पोचायला हवं होतं. उद्या शनिवार. चर्चच्या जेवणाला लिओटाबाईंचा घेवडा असतो, आणि तो त्या मडक्याशिवाय दुसऱ्या कशात शिजत नाही. निदान लिओटाबाई तरी शिजवत नाहीत.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासूबाईंनी हेस्टरला त्या मडक्याला हात लावू दिला नव्हता. "मुलगा दिलाय, तेवढं पुष्कळ झालं," असं त्या चारचौघांत सांगायच्या. हेस्टर हसायची, पण तिला ते लागायचं. या आठवड्यात मात्र त्यांच्या हेरिंग हेडसारख्या छोट्या मासेमारीच्या गावात परदेशचे पाहुणे आले, आणि लिओटाबाईंनी स्वतः रांधून मडकं सुनेच्या हातात ठेवलं. "सांभाळ," एवढंच म्हणाल्या. हेस्टरला त्या एका शब्दानं भरून आलं होतं.

पाहुणे म्हणजे संग्रहालयांत वस्तूंच्या नोंदी ठेवणारी मंडळी. एकच वस्तू जर्मनीत एका नावानं, ब्राझीलमध्ये दुसऱ्याच नावानं लिहिली जाते. मग इकडच्याला तिकडचं काही सापडत नाही. तर सगळ्यांनी मिळून एका पद्धतीनं लिहावं, आणि एकाची नोंद सगळ्यांना दिसावी, असा बेत होता. हेस्टरनं टेबलावर सरावासाठी वस्तू मांडल्या होत्या. जेवणानंतर तिनं मडकं घासलं, संग्रहालयाच्या आतल्या ओट्यावर जागा नव्हती म्हणून क्षणभर त्याच टेबलाच्या टोकाला उपडं घातलं, आणि तेवढ्यात फोन वाजला, तो तासभर चालला.

"या मडक्यानं फार भांडायला लावलं बघा!" जर्मनीचा डीटहेल्म आनंदानं म्हणाला. "मी म्हटलं, आंबवलेल्या कोबीचं आहे. आमच्या आजीकडे अगदी असंच होतं."

"आणि मी म्हटलं, खारवलेल्या माशांचं," फिनलंडची पैवी म्हणाली.

"मी सांगत होते घेवड्याचं आहे," ब्राझीलची जुरेमा फुरंगटून म्हणाली. "वास येतोय त्याला!"

"वास आपल्याच हातांना येतोय," डीटहेल्म म्हणाला. "आत्ताच जेवलोय आपण."

हेस्टरनं आतूनच ताटं वाढून आणली होती. मडकं कोणी पाहिलंच नव्हतं. आता बोला!

"शेवटी तिघांचं एकमत झालं," पैवीनं नोंद वाचली. "पात्र. उपयोग अज्ञात. मालक अज्ञात. आमच्या सगळ्यांच्या संग्रहालयांत पोचलीसुद्धा नोंद. पहिलीच एकत्र नोंद आहे ही!"

तिघांनी टाळ्या वाजवल्या. हेस्टरनंही वाजवल्या, आणि मग खुर्चीत बसून रडवेल्या आवाजात खरं काय ते सांगितलं.

 डीटहेल्मच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"मग पुसून टाकू या," हेस्टर म्हणाली. "काय त्यात?"

"पुसून?" तिघं एका सुरात ओरडली. कोणी देवळात चपला घालून शिरावं तशी तिघं तिच्याकडे बघत होती. आणि चूक त्यांची नव्हती. सकाळीच हेस्टरनं छाती फुगवून सांगितलं होतं, "आमच्याकडे एकदा नंबर पडला की विश्वस्तांच्या ठरावाशिवाय वस्तू दाराबाहेर जात नाही. माझी सासू आली तरी!" हसायला म्हणून बोलली होती बिचारी.

तिनं विश्वस्तांचे अध्यक्ष वेंडेल झ्विकर यांना फोन लावला.

"बैठक सप्टेंबरात," वेंडेल म्हणाले. "आत्ता सगळे मासेमारीला समुद्रावर आहेत."

"पण वेंडेल, मडकं आमच्या आईंचं आहे!"

"अरे देवा. लिओटाचं?" वेंडेलनी आवाज एकदम खाली आणला. "मग मी फोन उचललाच नव्हता, असं समज."

वाट पैवीला सापडली. "वस्तू बाहेर जात नाही, हे खरं. पण उसनी तर जाते! आपण रोजच एकमेकांना देतो. लिओटाबाईंना मडकं उसनं द्यायचं. रीतसर."

"सोबत राखणदार हवा," डीटहेल्मला हुरूप आला. "उसनी वस्तू परत येईपर्यंत राखणदारानं नजरेआड करायची नाही. मी जातो."

"मीही," जुरेमा म्हणाली. "मला घेवडा बघायचाय."

सगळी वरात लिओटाबाईंच्या दारात पोचली. मडकं आतून गादी लावलेल्या खोक्यात होतं, आणि डीटहेल्मनं पांढरे हातमोजे घातले होते. हेस्टरनं मान खाली घालून घडलेलं सगळं सांगितलं. सासूबाईंनी खोक्यात डोकावून नंबर पाहिला.

"म्हणजे माझंच मडकं तू मला उसनं देतेस?"

"हो, आई."

"बावीस वर्षांत एकदा दिलं तुला. एकदा!"

हेस्टरच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "चुकलं माझं. पण हे सगळे माझ्या विश्वासावर इतक्या लांबून आलेत हो. त्यांच्यासमोर मीच माझा नियम मोडला, तर उद्या माझं कोण ऐकेल?"

लिओटाबाईंनी खोकं घ्यायला हात पुढे केले. तेवढ्यात डीटहेल्म खाकरला. "एक अट आहे, बाई. वस्तूभोवती वीस अंशांपेक्षा जास्त उष्णता नको."

"वीस अंशांवर घेवडा शिजतो का रे तुझ्या देशात?"

डीटहेल्म विचारात पडला. त्यानं मडकं उलटंसुलटं करून पाहिलं, बुडाची काजळी बोटानं तपासली. "वस्तूला भट्टीची जुनी सवय आहे," त्यानं निर्णय दिला. "सवय मोडली तर तडा जाईल. भट्टी चालेल."

"शहाणा आहेस," लिओटाबाई म्हणाल्या. "ये आत. आणि ते मोजे काढ, घेवडा निवडायचाय."

शनिवारी पहाटे भट्टी पेटली. राखणदार भट्टीसमोर स्टूल टाकून बसले. जुरेमा डुकराच्या खारट मांसाचे तुकडे करत होती, डीटहेल्म दर तासाला दार उघडून मडक्याची तब्येत टिपून घेत होता, आणि काकवी कधी घालायची यावरून पैवीनं लिओटाबाईंशी कडाक्याचं भांडण केलं. संध्याकाळी चर्चमध्ये पहिला घास तोंडात घातल्यावर वेंडेल म्हणाले, "लिओटा, आजचा घेवडा काही औरच!" लिओटाबाईंनी काकवी पैवी म्हणाली तेव्हाच घातली होती, पण आता तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहुणे आपापल्या गावी गेले. मडकं संग्रहालयाच्या फडताळात परतलं, पण चर्चचं जेवण तर दर शनिवारी. तेव्हा दर शनिवारी मडकं उसनं द्यायचं, आणि राखणदार म्हणून आता हेस्टरशिवाय होतं कोण? पहिले दोन शनिवार ती नाक मुरडत गेली. भट्टीसमोर बसायचं, सासूबाईंची बडबड ऐकायची. पुढे तीही बोलायला लागली. जुलैत एकदा दोघी इतक्या हसल्या की घेवडा तळाला लागला, आणि लिओटाबाईंनी चर्चमध्ये भट्टीला दोष दिला.

सप्टेंबर उजाडला. विश्वस्तांची बैठक भरली. हेस्टरनं चूक कबूल करून ठराव मांडला, की मडकं संग्रहातून काढून मालकिणीला सन्मानानं परत द्यावं. सगळे हात भराभर वर गेले. लिओटाशी वैर कोण घेणार?

"माझा विरोध आहे," मागच्या बाकावरून आवाज आला. लिओटाबाई टोपी घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"अगं, पण मडकं तुझंच आहे ना?" वेंडेल गोंधळले.

"माझंच आहे. म्हणून तर मी देतेय. दान लिहा."

"आई!" हेस्टर उठून उभी राहिली. "अहो, का पण? आता तर परत मिळतंय."

लिओटाबाईंनी पर्सचं झाकण उघडलं, काही न काढता परत मिटलं. "परत मिळालं की राखणदार बंद. सून काय, ख्रिसमसला येते, ईस्टरला येते, घड्याळ बघते, जाते. राखणदाराला दिवसभर बसावं लागतं. नियमच आहे तसा."

 ठरावाचा कागद दुमडून हेस्टर म्हणाली, "मी ठराव मागे घेते, वेंडेल."

"बरं," वेंडेल म्हणाले. "मग मडक्याची पुढची उसनवारी?"

"शनिवारी पहाटे," लिओटाबाईंनीच उत्तर दिलं, आणि सुनेकडे वळून दटावलं, "आणि येताना दूध आण. राखणदार चहाला बसला की माझं सगळं दूध संपवतो."