शांतवनरावांची साक्ष

आमच्या लालबागच्या चाळीत नळाच्या रांगेतला शेवटचा नंबर शांतवनराव साळव्यांचा. सगळ्यांच्या आधी आले तरी शेवटचाच. मागून येणाऱ्या प्रत्येक बाईला "या, या, पुढे व्हा" म्हणत ते मागे सरकत, आणि त्यांची पाळी येई तेव्हा नळ नुसता फुसफुसत असे. मग रिकामी बादली घेऊन आमच्या दारात. "वहिनी, अर्धी बादली मिळेल?" म्हणजे त्याग ह्यांचा आणि पाणी माझं.

एकदा मी चिडून विचारलं, "हे कशासाठी हो?"

"साक्ष देतो, वहिनी. आम्हा ख्रिस्ती माणसांनी रोजच्या वागण्यातून प्रभूची साक्ष द्यायची असते. तोंडानं तर द्यायचीच."

तोंडानं ते भरपूर देत. "मी नगर जिल्ह्यातला एक हट्टी, पापी मुलगा" इथून सुरुवात होई. बाप्तिस्म्यापर्यंत पोचेतो ऐकणारीचं दूध उतू जाई, ऐकणाऱ्याला गिरणीचा भोंगा ऐकू येई. ते स्वतः गिरणीत कारकून, खोलीत एकटेच. माणूस वाईट नव्हता. चाळीत कोणी आजारी पडलं की उशाशी पहिले तेच. आजाऱ्याला पळताही येत नसे.

आणि खोटं म्हणून बोलायचे नाहीत. माझ्या नणंदेला बघायला आलेल्या मंडळींनी त्यांना जिन्यात गाठलं. "मुलगी स्वैपाक करते ना?"

"करते," शांतवनराव म्हणाले, "खाणाऱ्याची श्रद्धा हवी."

स्थळ जिन्यातूनच परत गेलं.

म्हणून त्या दिवशी मला पोलिसांपेक्षा त्यांचीच धास्ती वाटली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. खाली मोर्चा, घोषणा, पोलिसांची गाडी. माझा धाकटा दीर दत्तू गॅलरीतून ओरडत होता. ओरडून समाधान होईना, तेव्हा हाताला लागलं ते त्यानं भिरकावलं. हाताला लागला माझा वरवंटा. गाडीचा दिवा फुटला. कोणाचं डोकं फुटलं नाही, हे नशीब. दत्तूला पुढच्याच आठवड्यात सरकारी कचेरीत रुजू व्हायचं होतं. पोलिसांनी धरलं असतं तर नोकरी संपलीच.

फौजदार वरवंटा घेऊन जिना चढले. "हा कोणाचा?" दारोदार एकच प्रश्न. प्रत्येक बाई म्हणे, आमचा घरात आहे. मी पाट्यावर पदर पसरून बसले होते.

"आम्ही वाटत नाही, कुटतो," मी म्हटलं.

शेजारच्या दारात शांतवनराव उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"तुम्ही पाहिलंत?" फौजदारांनी विचारलं.

"पाहिलं."

दाराआडून दत्तू पुटपुटला, "वैनी, मेलो!"

"साक्ष द्याल?"

शांतवनरावांचा चेहरा उजळला. "आनंदानं, साहेब! त्यासाठीच तर जगतोय. मी नगर जिल्ह्यातला एक हट्टी, पापी मुलगा..."

फौजदारांनी पेन्सिल काढून ते चक्क लिहायला घेतलं. बाप्तिस्म्याशी पेन्सिल थांबली. "ह्यात वरवंटा कुठे येतो?"

"वरवंटा नाही येत, साहेब."

"कोणी टाकला ते बोला!"

"पाहिलं नाही असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. आणि नाव सांगणार नाही, कोणाचं तरी आयुष्य आहे."

"मग तुम्हालाच आत टाकतो."

"चला," शांतवनराव म्हणाले, आणि रविवारचा कोट चढवायला खोलीत गेले. तेवढ्यात दत्तू कबूल करायला बाहेर निघाला होता. परत येताना शांतवनरावांनी आमचं दार बाहेरून ओढून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुटले. हवालदार स्वतः पोचवायला आला आणि हात जोडून मला म्हणाला, "बाई, ह्यांना पुन्हा पाठवू नका."

मी चहा टाकला. "त्रास झाला का फार?"

"छे! कोठडीतल्या सगळ्यांनी माझी साक्ष शेवटपर्यंत ऐकली."

"जातील कुठे?"

ते हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, "चाळीत शेवट कोणी ऐकलेला नाही, वहिनी."

"काय आहे शेवटी?"

"शेवटी आमची रूथ आहे."

इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचं लग्न झालं होतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"बाळंतपणात गेली. बाळही. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडून देवाचं नाव निघेना. माणसांशीही बोलत नव्हतो. मग एकदा बोलायला लागलो, आणि आता थांबायची भीती वाटते. थांबलो की खोलीत फार शांत होतं."

दत्तू डोळे चुकवत दाराकडे सरकत होता. त्याचा दंड धरून मी त्याला खाली बसवला, स्टोव्ह बंद केला आणि पाट ओढून बसले.

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.