दिघेजींचा कॉम्प्रेसर

रविवारी सकाळी कुणाकडे गेलं तर माणसं चहा विचारतात. आमचे शेजारी दिघेजी पाहुण्याच्या डोक्यावर हेडफोन चढवतात आणि दटावतात, "बोलू नका. आधी ऐका."

दिघेजी रेल्वेतून निवृत्त झाले. राजेंद्र नगरात घर आहे, घरात एकटेच असतात आणि इलेक्ट्रिक गिटार छान वाजवतात. माझी तक्रार गिटारबद्दल नाहीच, कॉम्प्रेसरबद्दल आहे! फ्रिजमधला नव्हे, कॉम्प्युटरमधला. रेकॉर्ड केलेल्या गिटारचा फार जोरात आलेला सूर तो जरा दाबतो आणि दबका सूर उचलून धरतो. असली सॉफ्टवेअरं ढिगाने मिळतात, काही दिवस फुकट वापरूनही बघता येतात. शहाणा माणूस दोन-तीन बघेल, एक घेईल आणि वाजवायला बसेल. हे गृहस्थ वर्षभर नुसते निवडताहेत!

"भिया, हा तर सुराचा गळा घोटून राहिलाय," एकाबद्दल म्हणाले. दुसऱ्यात पडदाभर बटणंच बटणं. "मला गिटार वाजवायची आहे का इंजिन चालवायचंय?" तिसरा मला आवडला, तर माझ्यावरच उखडले. "तुम्हाला तर सब चलता है! सराफ्यातल्या खाऊगल्लीत शिळी कचोरी दिली तरी वाहवा कराल."

आता माझ्या खाण्यावर घसरायचं काय कारण? मलाही देवाने कान दिलेत.

मागच्या रविवारी मात्र कमाल झाली. नवा कॉम्प्रेसर लावला आणि गिटार अशी गायला लागली की दिघेजींनी डोळेच मिटले. सूर कुठे दबला नाही, कुठे अंगावर आला नाही.

"हाच!" मी ओरडलो.

"एकदम सही आहे," तेही म्हणाले.

"मग घेऊन टाका ना!"

दिघेजींनी माझ्याकडे पाहिलं, माऊस हातात घेतला आणि अगदी सराईतपणे तो कॉम्प्रेसर काढून टाकला. माझ्या डोळ्यांदेखत! मी संतापून उठलोच. तोवर त्यांनी बंगलोरला लेकीला व्हिडिओ कॉल लावलाही होता.

"मीनू, ते ट्रायल संपलं बघ. दुसरं टाकून दे ना. मला कुठे जमतं बेटा हे सब?"

"बाबा, पुन्हा? थांबा, चहा घेऊन बसते. स्क्रीन दाखवा तुमची."

ती बसली. कुठे क्लिक करायचं ते सांगता सांगता ऑफिसचं, स्वयंपाकाचं, सर्दीचं बोलत गेली. दिघेजी मुद्दाम चुकीच्या जागी क्लिक करत होते आणि बोलणी खाऊन खूश होत होते. इतकं खुललेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा त्यांचाच राग आला.

तेवढ्यात तिला मी दिसलो. "काका, तुम्ही तरी सांगा. इतक्यांमध्ये एकही चांगला नाही निघाला?"

दिघेजींचा माऊसवरचा हात थांबला.

"छे! सगळे भिकार," मी म्हणालो. "तू शोध आणखी."