उशी उत्तरेकडे

जरा जवळ येऊन बसा. आन् तो मोबाइल ठेवा बाजूले. म्हाताऱ्या बाईकडे पाहून ऐकलं तं कान झिजत नाहीत.

माझी धाकटी जाऊ शेवंता ओसरीतली आपली खाट वर्षातून दोनदा फिरवते. ढेकूण नाही, छप्पर गळत नाही. समुद्राच्या तळचं पाणी पलटलं म्हणून फिरवते. पवनीत राहून. वैनगंगेहून मोठं पाणी हिनं पाहिलं नाही. पण तिची पोरगी रंजू तिकडे दक्षिणेत जहाजावर नोकरीले. खोल पाण्यात यंत्रं सोडून प्रवाह मोजते. तिनंच फोनवर सांगितलं, "आई, वरून काही समजत नाही, पण तळचं पाणी ऋतूप्रमाणे दिशा बदलते. पावसाळ्यात दूर दक्षिणेकडे जाते, हिवाळ्यात तुमच्याकडे येते."

झालं. तेव्हापासून शेवंताचं एकच, "वरचं नोका पाहू बाई, खालचं पाहा." भात करपवला तरी हेच. शेजारची सून हसत हसत पाणी भरत होती, तं म्हणते, "वरून हासून राहिली, खालून माहेराकडे वाहून राहिली." आठवड्यात सून खरंच माहेरी गेली. मंग काय, गावच्या सासवा हिले आपापल्या सुना दाखवाले येऊ लागल्या.

पण यंदाही पाऊस सरला आन् हिनं उशी केली उत्तरेकडे. उत्तरेकडे डोकं मेलेल्या माणसाचं. या खेपेले मी लय रागावली. "काहून वो, जाची घाई झाली काय?"

"मी कायले जाऊ? पोरगी येऊन राहिली ना दिवाळीले."

दिवाळीपर्यंत बाईच्या पायाले चैन नाही. ओसरी, फाटक, पुन्हा ओसरी. चहा अर्धा टाकून उठे. मंग फोन आला, काम लांबलं, आता फागुनात पाहू. शेवंता "बरं, बरं" म्हणाली. वरून अगदी शांत.

मी म्हटलं, "आता तरी उशी फिरव."

तवा बोलली. "बाई, पाणी इकडे येते तवा तोंड दक्षिणेकडे पाहिजे. उठलं का येणारं समोर दिसावं. पाणी जाऊ लागलं का मी पाठ करतो. जाणाऱ्याले मागून आवाज देऊ नये म्हणतेत, आन् माझ्यानं राहावत नाही."

मी माझी खाट तिच्या बाजूले ओढली. उशी उत्तरेकडे. गाव म्हणते, दोन्ही म्हाताऱ्या सोबतच निघाल्या वाटते.

तुमी या एकदा, पाणी पलटाच्या आत. मागच्या गल्लीनं नोका येऊ, दक्षिणेच्या रस्त्यानं या. तिले कोणी येताना दिसलं पाहिजे.