कानाने लाइव्ह बघणारे आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा मोबाईलवरचं लाइव्ह कानाने बघतात.

म्हणजे असं, की संध्याकाळी सात वाजता ते माझ्या दारातल्या कट्ट्यावर येऊन बसतात. मी माझा मोबाईल लावून त्यांच्या हातात देते, आणि ते तो डोळ्यांसमोर धरायच्या ऐवजी उजव्या कानाला लावतात. मग डोळे मिटतात. पडद्यावर माणूस हातवारे करत असतो, खालून बदाम आणि अंगठे उडत असतात, आणि ती सगळी शोभा आप्पांच्या कानाच्या पाळीला दिसते.

"अहो आप्पा, तोंड दिसतंय त्याचं. बघा तरी."

"तोंड बगून काय करायचं, वैनी? आवाज सोडा जरा."

आप्पांच्या भाषेत आवाज वाढवत नाहीत, सोडतात. कारण बत्तीस वर्षं त्यांनी पाणी सोडण्याशिवाय दुसरं काही केलेलं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या भागाचे ते चावीवाले. पहाटे खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी टाकून निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची, आणि फिरवायच्या आधी तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. त्या लोखंडातून त्यांना जमिनीखालचं पाणी ऐकू यायचं. कुठं गळतंय, कुठं अडलंय, कुणी चोरून मोटर लावलीय, सगळं. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा आप्पा नुकतेच नोकरीला लागले होते. भर रस्त्यात लोखंडी दांड्याच्या कानगोष्टी ऐकणारा हा माणूस बघून मी सासूबाईंना विचारलं होतं, "ते वेडे आहेत का हो?" सासूबाई म्हणाल्या, "असू देत. पाणी वेळेवर येतंय."

आप्पांचा दुसरा संसार म्हणजे तालमीच्या भिंतीवरचा फळा. आधी त्यावर फक्त पाण्याची वेळ यायची. 'उद्या पाणी साडेसहाला. नोंद घ्यावी.' मग हळूहळू पाण्यातून राजकारण पाझरायला लागलं. 'मागच्या निवडणुकीत कबूल केलेलं गटारीचं झाकण आलेलं नाही. आत्ताच बघून आलो. नोंद घ्यावी.' निवृत्त झाले, चावी गेली, फळा राहिला. आणि 'नोंद घ्यावी' तर तोंडातच बसलं. "चहा गार झालाय, नोंद घ्यावी." "गुडघा दुखाय लागलाय, नोंद घ्यावी." बायको गेली तेव्हा आम्ही सगळे दारात जमलो होतो. आप्पा बाहेर आले, म्हणाले, "सव्वाचारला गेली." पुढचे दोन शब्द ओठापर्यंत आलेले मी बघितले. ते त्यांनी गिळले.

एकदा त्यांनी माझ्यावरच फळा चालवला. 'चौथ्या घरातील वहिनींनी नळ तासभर उघडा ठेवला. नोंद घ्यावी.' मी दुपारी सामसूम बघून खडू घेतला आणि खाली लिहिलं, 'नोंद घेतली. आप्पांनी दाढी करावी.' दुसऱ्या दिवशी ते गुळगुळीत दाढी करून आले आणि म्हणाले, "खरं लिवलं हुतं, म्हणून पुसलं न्हाई." फळ्याचा नियमच तो. सोताच्या कानानं ऐकलं न्हाईतर डोळ्यानं बगितलं, तरच फळ्यावर. बाकीचं कट्ट्यावर.

घरात त्यांच्याबरोबर नातू, ओंकार. आई लहानपणीच गेली, बापानं मुरगूडला दुसरा संसार थाटला, आणि हे पोर आप्पांच्या खांद्यावर आलं. एका खांद्यावर चावी, दुसऱ्यावर ओंकार, असे फिरायचे. पोराची छाती पहिल्यापासून नाजूक. धूळ उडाली की खोकला. दोन आखूड, एक लांब. गल्लीत कुठंही खेळत असला तरी आप्पा घरातून सांगायचे, "तिसऱ्या खांबापाशी हाय."

हाच ओंकार बाविसाव्या वर्षी खुर्चीवाल्याच्या नादी लागला.

खुर्चीवाला हे नाव मी ठेवलेलं. पोरं त्याला भाऊ म्हणतात. दाताच्या दवाखान्यात असते तसल्या लाल-काळ्या खुर्चीत बसून तो रोज संध्याकाळी लाइव्ह येतो आणि देश, राज्य, महापालिका आणि आपली जेवणं, या सगळ्यावर बोलतो. कुणाला निवडून आणायचं आणि कुणाला पाडायचं ते सांगतो. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणतो, "विषय संपला." पूर्वी पेठेतली पोरं फुटबॉलवरून एकमेकांची डोकी फोडायची. त्यात निदान एक बॉल तरी असायचा. आता सगळी एकाच सुरात, एकाच शब्दांत बोलायला लागली. ओंकार तर घरातसुद्धा. "आप्पा, आमटीत मीठ न्हाई. विषय संपला."

मला हसू यायचं. पण फार हसायची सोय नव्हती, कारण विसाव्या वर्षी मी याच्यापेक्षा मोठी गाढव होते. तेव्हा खुर्ची नव्हती, मैदान होतं, आणि मैदानात एक वक्ते यायचे. मुद्द्याचं वाक्य बोलायच्या आधी ते चष्मा काढून हातात धरायचे. मी घरी भाकऱ्या थापणाऱ्या आईपुढं त्यांचं भाषण जसंच्या तसं म्हणायची. मला चष्मा नव्हता, म्हणून मुद्द्याच्या वाक्याआधी मी वेणी पुढं घ्यायची. आई म्हणायची, "वेणी पिठात जाईल, मग उठव की देशाला."

माझे वडील कापडदुकानात मुनीम. त्यांचं मत दुसऱ्या पक्षाला. वक्त्यांनी सांगितलं, ज्याच्या घरात विरोधी मत आहे त्यानं आधी घर स्वच्छ करावं. मी लगेच स्वच्छता काढली. आठ महिने वडिलांशी बोलले नाही. "ह्यांना सांग, ताट वाढलंय," असं आईला सांगायची, आणि वडील दोन हातांवर बसलेले असायचे. वर प्रत्येक सभेला ते मागं चिंचेखाली उभे दिसायचे, तर मी मैत्रिणींना सांगितलं, हे विरोधकांचे हेर. पुढं ते वक्ते वडिलांच्याच पक्षात गेले. मला कळवलंसुद्धा नाही.

तर, निवडणूक जवळ आली आणि आमच्या भागाचं पाणी बंद झालं. पहिल्या दिवशी लोक कुरकुरले. दुसऱ्या दिवशी खुर्चीवाल्यानं लाइव्हमध्ये सांगितलं, की पेठेचं पाणी मुद्दाम तोडलंय, कुणी तोडलंय ते मला ठाऊक आहे, आणि त्यानं एका उमेदवाराचं नाव घेतलं. झालं. पोरं रिकाम्या घागरी आणि बादल्या घेऊन त्या माणसाच्या दारात. पुढं ओंकार, हातात आमच्याच घरची पितळी घागर.

आप्पा मोर्च्याला गेले नाहीत. ते जुनी चावी कुणाकडून तरी मागून कोपऱ्यावर गेले. चौऱ्याहत्तरीचा माणूस रस्त्यात गुडघे टेकून तासभर चावीला कान लावून होता. मग उठले, धोतर झटकलं आणि फळ्यावर लिहिलं. 'पाणी कुणी तोडलेलं नाही. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह गंजून अडकला आहे. स्वतः कान लावून ऐकलं. नोंद घ्यावी.'

त्या संध्याकाळी फळ्याचा फोटो खुर्चीवाल्याच्या मागं झळकला. "हा कुणाचा पोपट आहे रे म्हातारा?" तो म्हणाला. "ह्याला काय माहीत? ह्यानं काय बघितलंय?" खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. सकाळी फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'विकलेला फळा.'

फोटो ओंकारनं पाठवला होता. त्यानंच सांगितलं, आणि तेही भांडत. आमच्या दोन घरांत एकच भिंत, मला सगळं ऐकू आलं.

"तुमच्यामुळं पोरांत तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई मला. कशाला लिवलासा?"

"फोटू बगितला मी. सरळ काढला न्हाईस," आप्पा म्हणाले.

"काय?"

"खालची कड कापलीयास. 'कान लावून ऐकलं' त्यात आलंच न्हाई."

मग ओंकारचा खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. कड चुकून कापली गेली की मुद्दाम, हे आप्पांनी त्याला कधी विचारलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "मी बगितलं न्हाई कापताना. मग कसं सांगू?"

चार दिवसांनी माणसं आली, व्हॉल्व्ह बदलला, पाणी आलं. खुर्चीवाला म्हणाला, बघा, आपल्या दणक्यानं आलं. पोरांनी गुलाल उधळला. आणि पुढच्या आठवड्यात ओंकार बॅग भरून पुण्याला गेला. भाऊनं बोलावलं होतं. त्याच्याकडं लाइट लावायला आणि वायरी बघायला माणूस पाहिजे होता. जाताना माझ्या पाया पडला. आप्पा फळ्यापाशी उभे होते, तिकडं वळला नाही.

त्यानंतर आप्पा रोज सातला माझ्या कट्ट्यावर यायला लागले. त्यांचा मोबाईल बटणांचा. मला वाटलं, म्हातारा आता खुर्चीवाल्याच्या चुका गोळा करतोय, फळ्यावर त्याची सालटी काढणार. मला त्यात मजा होती. मी रोज विचारायची, "काय सापडलं का आज?" ते म्हणायचे, "सापडलं." आणि सकाळी फळ्यावर बघावं तर नुसती पाण्याची वेळ.

एके दिवशी मी त्यांच्या शेजारी टेकले होते. खुर्चीवाला कुणाला तरी गाडायची भाषा करत होता. मध्येच त्याच्या आवाजामागून, लांबून, बारीक काहीतरी आलं. मला कळलंही नसतं. पण आप्पांनी मिटल्या डोळ्यांनी बोट वर केलं, पूर्वी चावीला कान लावल्यावर करायचे तसं.

"आला," ते म्हणाले.

दोन आखूड, एक लांब.

"जेवलाय," आप्पा म्हणाले. "उपाशी असला म्हंजे शेवटचा इतका लांबत न्हाई."

मला एकदम सभेच्या मैदानातली ती चिंच आठवली. वडील गेल्यावर वर्षानं आई सहज म्हणाली होती, "त्या सभांवरनं तू अंधारात एकटी यायचीस, म्हणून जायचे गं ते. एक अक्षर पटायचं न्हाई त्यांना. तुझ्या मागनं चालत यायचे आणि तू घरात शिरलीस की चौकाला एक फेरी मारून मग यायचे." मी हेर म्हटलेला माणूस.

"तुम्ही फोन का करत नाही त्याला?" मी विचारलं.

"करतो की. उचलत न्हाई. कामात असंल." मग घाईनं म्हणाले, "तुम्ही करू नका हं वैनी. त्याला वाटंल मी लावून दिलं."

थंडी पडली तसा खोकला वाढला. एका संध्याकाळी आप्पांनी तो सात वेळा मोजला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाण्याची वेळ नव्हती. 'धुळीत काम करताना नाकाला रुमाल बांधावा. गार पाणी पिऊ नये. अडुळशाचा काढा घ्यावा, साखर चालेल. स्वतः ऐकलं. नोंद घ्यावी.'

लोक येता-जाता वाचत होते. म्हणत होते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला कळलं, आप्पा फळ्यापाशी का रेंगाळताहेत. पूर्वी न मागता फोटो निघायचे, पुण्यापर्यंत जायचे. आज कुणी मोबाईल खिशातून काढत नव्हतं.

मी काढला. चार फोटो वाकडे आले. पाचवा सरळ आला, चारही कडा आत. ओंकारला पाठवला. फोन करू नका म्हणाले होते, फोटोचं काही म्हणाले नव्हते. दोन खुणा उमटल्या. तासाभरानं निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

त्या संध्याकाळी आप्पा आले. अर्धा तास कान लावून बसले. खोकला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी खुर्चीवाल्यामागून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, माईक सरकलाय." तो आवाज भलत्याच पोराचा होता.

आप्पांनी मोबाईल मांडीवर ठेवला.

"बरा झाला असंल," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "का तिथं न्हाईच?"

आयुष्यभर मी गमतीनं पुष्कळ थापा मारल्या. ही गमतीनं नव्हती.

"दुपारी मेसेज आला की त्याचा," मी म्हटलं. "बरा आहे म्हणाला. काढा घेतला म्हणे."

"तुम्ही सोताच्या डोळ्यानं बगितलासा?"

"व्हय."

त्यांनी मांडीवरच्या मोबाईलकडं बघितलं. दाखवा म्हणाले असते तर माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. ते म्हणाले नाहीत. मोबाईल उलटा करून माझ्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गेले.

सकाळी मी दूध आणायला निघाले तेव्हा फळा लिहून झाला होता. वर पाण्याची वेळ. तिच्याखाली, रोजच्या त्याच वळणदार अक्षरात, 'ओंकार बरा आहे.'

त्याखाली, जिथं 'स्वतः ऐकलं. नोंद घ्यावी' यायचं, तिथं एका ओळीची जागा पुसून स्वच्छ केलेली होती. ती मोकळीच होती.