बिनअलंकारी माफीनामा

नियमावली कुणीही लिहील. तिच्यात प्राण फुंकायला कवीच लागतो! हे मी शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगितले आणि तिथेच माझा घात झाला. मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या.

"वा, सर! मग विद्यार्थी-आचारसंहितेतलं नववं कलम तुम्हीच लिहा. मोबाइलवरून होणारा छळ. शनिवारी पालक समितीपुढे वाचायचं. ते मंजूर झालं, की त्याच बैठकीत तुमची नेमणूकही कायम करून टाकू."

तीन वर्षे मी या शाळेत भाषा शिकवतो आणि तीनही वर्षे हंगामी आहे. तारेवर टेकलेल्या पाखरासारखा, टाळी वाजली की उडणारा! मी त्याच दुपारी कलम सिद्ध केले.

'जो कोणी शब्दाचा दगड करून पडद्याआडून भिरकावील, त्याने दुखावलेल्या प्रत्येकास स्वहस्ते माफीपत्र लिहावे. त्यात एकही अलंकार नसावा. कारण पश्चात्ताप दागिने घालून येत नाही.'

"सर, हे कलम आहे की लग्नपत्रिका?" पी.टी.च्या सरांनी विचारले. "आणि 'जो विद्यार्थी' असं हवं ना?"

"लयीत बसत नाही."

त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि ते मैदानावर निघून गेले.

आता पुरावे हवे होते. आठवीच्या वर्गाचा ग्रुप मीच चालवतो. दर सोमवारी मुलांच्या निबंधांची छायाचित्रे टाकून प्रत्येकाखाली एका ओळीचे रसग्रहण लिहितो. साहित्याची गोडी लागावी, एवढाच हेतू. त्याच वर्गात मी खडूचे रिकामे खोके ठेवले.

"ग्रुपवर वाचून मनाला लागलेलं एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहा. नाव नको, तुमचंही नको, लिहिणाऱ्याचंही नको."

मॉनिटर मुलगी उठली. "सर, कुणाचंही चालेल?"

"निर्भयपणे लिही!"

"नक्की ना, सर?"

"अगं, मी आहे ना तुमच्या पाठीशी!"

तिने माझ्याकडे अपार करुणेने पाहिले. मी त्या करुणेला भक्ती समजलो.

"बैठकीआधी चिठ्ठ्या एकदा वाचून घ्या," पी.टी.चे सर म्हणाले.

"छे! भावना शिळी करून वाढायची नसते."

शनिवारी अकरा पालक आठवीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. अध्यक्षस्थानी एका मुलाची आई. व्यवसायाने परिचारिका, आवाज असा की तापसुद्धा परवानगी घेऊन चढेल! मी कलम वाचले आणि खोके उघडले.

"ऐका! 'तुझा निबंध वाट चुकलेल्या म्हशीसारखा चालतो: सावकाश, आणि कुठेच नाही.'"

"अरेरे!" पालक कळवळले.

"'तुझे अक्षर पाहून मुंग्यांनी रांगेत चालणे सोडले.'"

"किती दुष्ट!"

"दुष्ट खराच," मी म्हणालो, "पण प्रतिमा पाहा! 'तुझ्या शुद्धलेखनापुढे भूकंप बरा. तो निदान थांबतो.' अहाहा! काय शैली आहे कार्ट्याची!"

"शैली गेली चुलीत!" परिचारिकाबाई कडाडल्या. "कोण आहे हा?"

"शोधून काढू! जो कोणी असेल, त्याची गय नाही!" मी टेबलावर मूठ आपटली. खडू उडाले.

"सर," मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "जरा बसता का?"

पण मी रंगात आलो होतो. पुढची चिठ्ठी उचलली. "'तुझी कल्पनाशक्ती बंद पंख्यासारखी: डोक्यावर आहे, पण...'"

इथे कागद संपला. उरलेले मागच्या बाजूला होते. आणि कागद उलटण्याआधीच माझ्या तोंडून ओळ पुरी झाली: "'...वारा नाही!'"

मी कागद उलटला. मागे तेच होते.

भिंतीवरचे घड्याळही ओशाळून टिकटिकू लागले. मुख्याध्यापिकांनी आपला मोबाइल माझ्यापुढे सरकवला. सोमवारचे रसग्रहण. खोक्यातल्या एकतीस चिठ्ठ्या, एकतीसही माझ्या!

"पण... पण हे कलम तर विद्यार्थ्यांसाठी आहे!"

"'जो कोणी' आहे, सर," दाराशी उभे असलेले पी.टी.चे सर म्हणाले. "लयीसाठी."

कलम एकमताने मंजूर झाले. नेमणुकीच्या कागदावर मात्र परिचारिकाबाईंनी आपली पर्स ठेवली. "एकतीस माफीपत्रं आधी. सही नंतर."

पत्रे तपासायचे काम मॉनिटर मुलीकडे आले. म्हशीचा निबंध तिचाच होता. सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिच्या बाकापुढे उभा राहिलो. तिने लाल पेन उघडले.

"'माझे मन कोळशासारखे काळवंडले.' उपमा आहे, सर. परत लिहा."

परत लिहिले.

"'अपराधाचे ओझे वाहतो आहे.' ओझं कुठाय? परत."

तिसरा कागद फाटला, चौथ्यावर घाम पडला. अखेर पाचव्यावर मी लिहिले: 'मी चुकलो. सगळ्यांसमोर तुझी चेष्टा केली. तुला वाईट वाटले. पुन्हा करणार नाही.' एवढे लिहायला मधली सुट्टी पुरली नाही!

तिने ते दोनदा वाचले, घडी घालून कंपासपेटीत ठेवले आणि म्हणाली, "सावकाश चाललात सर, पण पोचलात."

अजून तीस पत्रे बाकी आहेत. तिच्या त्या शेऱ्याला दाद द्यावी, असे फार वाटले. पण दाद द्यायलाही उपमाच सुचली, म्हणून गप्प बसलो!